सुपात घेतलेलं पोर

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. चोऱ्या, मारामाऱ्या, बंदोबस्त, कोण आरोपी आणि कोण फिर्यादी, सगळं एकमेकांत मिसळून जातं. चिकलठाण्याच्या त्या बाईचं प्रकरण मात्र मिसळत नाही. ते लिहून ठेवा, असं माझी मुलगी बरेच दिवस म्हणत होती आणि मी टाळत होतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. जबाब आणि पंचनामे सोडले तर मी दुसरं काही लिहिलेलं नाही. तेव्हा कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

यात कुणाचंही पूर्ण नाव देणार नाही. त्या बाईच्या जमातीचंही नाव मुद्दाम देत नाही. ते वाचलं की वाचणाऱ्याच्या मनात एक चित्र उभं राहतं, आणि हे सगळं घडलं ते तशाच एका चित्रामुळं. मेंढरं घेऊन फिरणारे लोक, एवढं पुरे. दोन नावं मात्र सांगावीच लागतील. एक त्या पोराचं आणि एक माझं.

मी कोकणातला. वडील लवकर गेले, शाळा सुटली आणि एका नातेवाइकाच्या ओळखीनं मी या शहरात आलो. तेव्हाचं औरंगाबाद. हॉटेलात कपबशा विसळल्या, मग पोलीस भरतीत निवड झाली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. या शहरानं मला भाकरी दिली, वर्दी दिली, पोरांना शिकवलं. त्याचे उपकार मी विसरत नाही. पण ही वर्दी आपल्याला चुकून मिळाली आहे, एक दिवस कुणीतरी येऊन काढून घेईल, ही धास्ती शेवटच्या दिवसापर्यंत गेली नाही. हे सांगतो, कारण पुढं त्याचा संबंध येतो.

त्या वेळी मी हवालदार होतो आणि ठाणे अंमलदार म्हणून दिवसपाळीला टेबलावर बसत होतो. जालना रोडच्या बाजूनं नव्या वसाहती उठत होत्या. गावाकडं शेती असलेली आणि इथं कारखान्यांत नोकरीला लागलेली माणसं प्लॉट घेऊन घरं बांधत होती. वसाहतीच्या पलीकडं मोकळं रान होतं. तिथं दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरांबरोबर फिरणाऱ्यांची पालं पडत.

त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली होती. आमच्या हद्दीत एकही पोर हरवल्याची नोंद नव्हती, तरी पानटपरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत तोच विषय. कुणी म्हणे साडी नेसलेले पुरुष येतात, कुणी म्हणे गुंगीचं औषध हुंगवतात. अशी आवई उठली की ठाण्यातले फोन वाढतात आणि प्रत्येक फोनवर वर्णन एकच असतं. मळके कपडे, काळा रंग, पाठीला बोचकं. धुतलेल्या कपड्यांतल्या माणसाबद्दल असा फोन मी अख्ख्या नोकरीत घेतलेला नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. फोन वाजला.

"पोर पळवणारी बाई धरलीय. लवकर या साहेब, लोक मारून टाकतील तिला."

आम्ही जीप काढली. आमचा ड्रायव्हर इथलाच, शहागंजातला. गल्लीत शिरलो तेव्हा रस्ता भरून माणसं होती. एका नव्या घराच्या कुंपणाला टेकून ती बाई बसली होती. केस सुटलेले, ओठातून रक्त, बांगड्या फुटून मनगटात रुतलेल्या. तिच्यापासून चार हातांवर एक माणूस दीडेक वर्षाचं पोर कडेवर घेऊन उभा होता. पोर गोरंपान, डोळे घारे, अंगात स्वच्छ झबलं, पायात चांदीचे वाळे. ते सारखं तिच्याकडं झेप घेत होतं आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. बाई उन्हानं रापून काळी ठिक्कर पडलेली.

"हवालदार, हे पोर बघा आणि ही बघा," गर्दीतला एक जण म्हणाला. "हिचं वाटतं का हे?"

"वाळे बघा पायातले. हिच्याकडं कुठून आले?"

"अन् विचारलं तर काय म्हणती ऐका. ए, सांग गं यांना. पोर कुणाचं?"

बाईनं माझ्याकडं बघितलं आणि सांगितलं, "माझं नाय."

गर्दीला तेवढं पुरलं. मागून एक चप्पल आली, ती माझ्या खांद्याला लागली.

पोर कडेवर घेतलेला माणूस हाच आमचा फिर्यादी. कारखान्यात नोकरीला, शेतकरी घराण्यातला, साधा माणूस. त्यानं मारलं नव्हतं, उलट दोघा-तिघांचे हात धरले होते, हे नमूद करायला हवं. झालं असं होतं. बाई त्याच्या नळावर पाणी मागायला आली. त्याच्या बायकोनं तांब्या दिला आणि पोराच्या गालाला हात लावून कौतुकानं विचारलं, "किती गोड गं. तुझंच का?" बाईनं पोर पदराखाली घेतलं आणि म्हणाली, माझं नाय. तिथून आरडाओरडा सुरू झाला.

जीपमध्ये पोर फिर्यादीच्या मांडीवर होतं. बाईनं हात लांब करून त्याच्या तळपायाला बोट लावलं, तसं ते गप्प झालं. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "साब, बच्चा तो उसकूच देख को चुप होता ना."

"पोरं कुणाकडंही गप्प होतात," फिर्यादी म्हणाला.

"माझी तर नाय होत, बाबा," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी वळवली.

ठाण्यात आल्यावर फिर्याद मीच लिहून घेतली. अपहरणाचं कलम लागलं. फिर्यादीचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, धंदा, राहणार, सगळं माझ्या अक्षरात. लिहिताना मला काही जाणवलं नाही.

आमचे पोलीस निरीक्षक कडक होते, पण हात उचलणारे नव्हते. चौकशीला त्यांनी महिला शिपायाला बसवलं आणि स्वतः विचारायला लागले.

"पोर कुणाचं?"

"रंगारीच्या थोरल्या आईचं."

"रंगारी म्हणजे देवगाव?"

"व्हय."

"तिचं पोर तुझ्याकडं कसं?"

"तिनं दिलंय. संभाळाया."

"नाव काय तिचं?"

"थोरली आई."

"तुला तिचं नाव माहीत नाही आणि तिनं तुला पोटचं पोर दिलं?"

साहेबांनी देवगाव रंगारीकडं बिनतारी संदेश पाठवला, कुणाचं पोर हरवलंय का. उत्तर आलं, नाही. शेजारच्या ठाण्यांकडूनही तेच. मग हे पोर लांबच्या जिल्ह्यातून आणलेलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. हरवल्याची तक्रार नाही, म्हणजे कदाचित गुन्हाच नाही, असा विचार त्या खोलीत कुणी केला नाही.

तिचा नवरा मेंढरं घेऊन पुढं पैठणकडं गेला होता. पालावर चौकशीला जीप गेली तर पालं उठलेली. चुलीतला विस्तव अजून धुमसत होता आणि एक लंगडी मेंढी मागं राहिली होती. पळाले म्हणजे टोळीच आहे, असं ठरलं. पोलिसांची गाडी येतेय म्हटल्यावर ते थांबून राहतील अशी आजवर आम्ही त्यांच्याशी काय वागणूक ठेवली होती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आमच्याकडं पद्धतच होती. हद्दीत घरफोडी झाली की पहिली जीप पालावर जायची. सापडायचं काही नाही, पण जायची.

दुपारी महिला शिपाई माझ्या टेबलाजवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, "हवालदार, तिची चोळी भिजलीय. पान्हा आलाय तिला."

मी ते साहेबांच्या कानावर घातलं. तिथं बसलेला एक जमादार म्हणाला, "यांच्या बायका एकमेकींची पोरं पाजतात. त्यावरून काय ठरतं?" त्यावर विषय संपला.

संध्याकाळच्या आत पोर शिशुगृहात पाठवायचं होतं. नियमच तसा. महिला शिपायानं त्याला उचललं तेव्हा बाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "उजव्या कुशीला निजवा त्याला. डाव्याला दचकतंय."

"बघा, किती सराईत आहे," जमादार म्हणाला.

सकाळी गल्लीत ती ओरडत होती हे ऐकून हाच जमादार म्हणाला होता, नाटकं करते. त्या दिवशी ती बाई रडली असती तरी फसली असती आणि हसली असती तरी फसली असती. तिनं काहीही केलं तरी ते तिच्याविरुद्धच मोजलं जात होतं.

तिला रात्री महिला कोठडी असलेल्या ठाण्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणलं. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करण्याआधी साहेबांना एकदा शेवटचं विचारायचं होतं. मी जबाब लिहायला बसलो. तिचे डोळे सुजले होते, पदर पुढून ओला होऊन वाळून कडक झाला होता.

"पोराचं नाव तरी सांग."

"कचरू."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. साहेब वैतागले. "असलं गोंडस पोर, पायात चांदीचे वाळे, आणि नाव कचरू? धोंडू, लिहून घे. मुलाचं नावसुद्धा खोटं सांगते."

माझं पेन तिथंच थांबलं.

धोंडू हे माझं नाव. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. मी झालो तेव्हा आईनं मला देवळाबाहेरच्या एका धोंड्यापुढं ठेवलं, धोंड्याला दिलं, आणि शेजारणीनं तिथून उचलून परत तिच्या ओटीत घातलं. लहानपणी कुणी माझं कौतुक केलं की आई घाईघाईनं म्हणायची, "हो माझो न्हय, धोंड्याचो झील." झील म्हणजे मुलगा. आपलं म्हटलं की नेतात, दुसऱ्याचं म्हटलं की राहतं, अशी तिची समजूत. मी शाळेत जायला लागेपर्यंत तिनं मला चारचौघांत आपला म्हटलं नाही. वाडीतल्या बायका ऐकून समजुतीनं मान हलवायच्या. कुणी पोलीस बोलावले नाहीत.

मराठवाड्यातही ही रीत आहे. इथं पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात, दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि आईला सांभाळायला द्यायचं. म्हणूनच इथं गावोगाव कचरू भेटतात, उकिरडा भेटतात, चांगल्या खात्यापित्या घरांत भेटतात. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. फक्त अशी रीत पालावरही असेल, तिथल्या बाईचीही पोरं जात असतील आणि तिलाही भीती वाटत असेल, इथपर्यंत कुणाचं डोकं गेलं नव्हतं.

आता बोलायचं कसं? सातवी शिकलेल्या हवालदारानं सगळ्यांसमोर पोलीस निरीक्षकांना थांबवायचं, आणि चुकलं तर? शेवटी म्हणालो, "साहेब, जरा बाहेर येता का?" माझी हिंमत तेवढीच.

व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. ऐकून झाल्यावर म्हणाले, "धोंडू, तुझं म्हणणं पटतंय. पण हे तुझ्या आईचं झालं. हिचं तसंच आहे हे कोर्टाला कशावरून सांगू?"

"साहेब, तुम्हाला पटलं ना? मग पुढचं शोधता येईल."

"तू शोधशील?"

"पाठवलंत तर."

फिर्यादी बाहेर बाकावर बसला होता. हातात दुधाची पिशवी. पोराला पोहोचवायची म्हणून सकाळपासून आला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"एक विचारू का? काल फिर्याद लिहिताना तुम्ही वडलांचं नाव सांगितलंत."

"हं. कचरू."

"कसं पडलं हो ते नाव?"

"कसं म्हणजे? आज्जीची आधीची पोरं जगत नव्हती. मग अण्णांना उकिरड्यावर..."

तो मध्येच थांबला. माझ्याकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं.

"तिच्या पोराचं नाव काय आहे?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं दुधाची पिशवी बाकावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला, "पण ती आमच्यासारखी वाटली नाही हो."

त्याचं ते वाक्य आमच्या ठाण्यातल्या सगळ्यांच्याच वतीनं होतं.

साहेबांनी रिमांडचे कागद दुपारपर्यंत थांबवले आणि मला जीप दिली. लासूरकडून देवगाव रंगारी गाठलं. तिथं विचारत गेलो की, कुणाच्या शेतात दरवर्षी मेंढरं बसवतात. मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंडीखत होतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. तिसऱ्या घरी पत्ता लागला. मोठं, बागायती घर. दोन कर्ते मुलगे ओट्यावर उभे राहिले.

"आमच्या आईचा काय संबंध, हवालदार? ती मेंढरं घेऊन फिरणारी माणसं शेतात बसतात, धान्य घेतात, जातात."

"त्या बाईचं म्हणणं आहे की पोर तुमच्या आईंनी दिलंय."

"काय बोलताय? आमच्या आईनं त्या लोकांच्या पोराला हात लावला, असं?"

आतून काठीचा आवाज आला. म्हातारी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. नाकात मोठी नथ, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा.

"म्या घेतलंय सुपात," ती म्हणाली. "गोठ्यामागं. तुमाला सांगून घ्यायचं व्हतं का? काय झालंय माझ्या कचरूला?"

मी थोडक्यात सांगितलं. लोकांनी तिला मारलं, हेही सांगितलं. तिनं सुनेला हाक मारली, लुगडं मागवलं.

थोरला म्हणाला, "आई, पोलीस ठाण्यात? गावात तोंड दाखवायचं कसं आम्ही?"

"तुमी नका दाखवू. म्या दावते माझं. व्हा बाजूला."

जीपमध्ये ती पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसली. वाटेत तिनं त्याला एकदाच विचारलं, "लई मारलं का रं तिला?" ड्रायव्हर म्हणाला, "जी, अम्मा," आणि तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

मला वाटलं आता सगळं सरळ होईल. ठाण्यात साहेबांनी उठून तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, ते पोर कुणाचं?"

"माझं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"आजी, तुमचं वय काय?"

"वयाचं काय करायचंय? पोर माझं हाय. तिला संभाळाया दिलंय. तसं लिवा."

"असं लिहिलं तर मला ते पोर तुमच्या ताब्यात द्यावं लागेल."

"मंग द्या की. म्या देईन तिला."

त्या दोन दिवसांत ठाण्यात पहिल्यांदाच कुणीतरी मोकळं हसलं, आणि ते साहेब होते. पण त्यांना पेच दिसत होता. म्हातारी खोटं बोलत नव्हती. पोराला पाच वर्षं भरेपर्यंत ते आपलंच म्हणायचं, ही रीत तिनंही मोडायची नव्हती. मी पुढं होऊन म्हणालो, "आजी, माझं नाव धोंडू. मलाही असंच दिलेलं. तुमचं मला कळतंय. पण खरं कागदावर आलं नाही तर पोर परक्या ठिकाणीच राहील."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग विचारलं, "पोर हितं हाय का?"

"नाही. शिशुगृहात आहे."

"आन ती?"

"पलीकडच्या खोलीत."

"दार लावा."

दार लावलं. मग ती इतक्या हळू आवाजात बोलली की मला खुर्ची पुढं ओढावी लागली. मेंढरं तिच्या शेतात बसलेली असताना बाईला कळा लागल्या होत्या. आधीची दोन गेलेली, म्हणून बाई भेदरलेली. बाळंतपण म्हातारीनं स्वतः गोठ्यात केलं, नाळ स्वतःच्या हातानं कापली, पाचवी पुजली. वाळे तिनंच घातले. झबलं तिच्याच नातवाचं. "आन गोरं कसं म्हणून इचारता व्हय? बाप बघा की त्याचा. घारा हाय. तीबी काय काळी नव्हती, रानात उन्हानं करपलीय. तुमी फिरा तिच्यासंगं चार महिनं."

जबाब संपल्यावर तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो. म्हातारीनं हात वर केला. "मोठ्यानं नगं."

मी तो तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत वाचला. तिनं मान हलवली, अंगठा उठवला आणि शाई पुसता पुसता पलीकडच्या खोलीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "पोर माझंच हाय बरं का. नीट संभाळ माझ्या पोराला." पलीकडून हुंदका आला. कालपासून आमच्यासमोर ती पहिल्यांदाच रडत होती.

पुढचं कागदोपत्री काम झालं. साहेबांनी स्वतः अहवाल लिहिला, बाईची सुटका झाली. तक्रार गैरसमजातून झाली म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली. तिला मारणाऱ्यांवर मात्र गुन्हा दाखल झाला नाही. साहेबांनी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, तारखांना कोण येईल, मेंढरं कोण बघंल, मला पोर द्या. ती नको म्हणाली हे खरं. पण तिच्या जागी मार खाल्लेली त्या वसाहतीतली बाई असती तर आम्ही नको ऐकून घेतलं असतं का, याचं उत्तर मला ठाऊक आहे.

पोलिसाला संशय घ्यावाच लागतो, त्याशिवाय तपास होत नाही. कायद्यापुढं सगळे सारखे, हे प्रशिक्षणात आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं आणि कलमं आम्ही सगळ्यांना सारखीच लावतही होतो. पण कुणाचं बोलणं खरं धरून सुरुवात करायची आणि कुणाचं खोटं धरून, हे कुठल्या कलमात लिहिलेलं नसतं. ते आम्ही घरून घेऊन येतो. त्या बाईनं पहिल्या क्षणापासून एकही खोटा शब्द सांगितला नव्हता. गाव सांगितलं, माणूस सांगितलं, नाव सांगितलं. ते तपासायला आम्हाला एक जीप आणि अर्धा दिवस लागला. तेवढा अर्धा दिवस आम्ही तिला आधी दिला नाही, कारण ती त्याला पात्र आहे असं आम्हाला वाटलंच नाही. त्यानंतर पालावर पहिली जीप पाठवायची वेळ आली की मी साहेबांना विचारायचो, कशावरून? पुष्कळदा रागावून घेतलं. धास्ती वाटायची, पण विचारायचो.

पोर परत देताना मी शिशुगृहात होतो. फिर्यादीही आला होता, फाटकाबाहेर उभा राहिला, आत आला नाही. तिथल्या मॅडमनी बाईला विचारलं, "हा तुमचा कोण?" बाई म्हणाली, "माझा नाय." मॅडम चमकल्या. मी म्हणालो, "द्या मॅडम, जबाब झालाय." तोवर पोरानं स्वतःच झेप घेतली होती आणि तिच्या गळ्यात हात घालून डोकं खुपसलं होतं.

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेलो. ती थांबली.

"साहेब, तुमाला समदे धोंडू म्हणत्यात."

"हो. तेच नाव आहे माझं."

"तुमच्या मायची बी आधीची?"

"दोन गेली. मग मी."

तिनं मला नीट न्याहाळलं. टोपी, पिकायला लागलेल्या मिशा, पट्ट्यावर आलेलं पोट.

"आन तुमी जगला."

"जगलो की."

तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, पदर त्याच्या डोक्यावरून ओढला.

"मंग हे बी जगंल," ती म्हणाली आणि पैठणच्या रस्त्याला लागली.